पुढच्या भागाने केलेला पोपट : तुमचे अनुभव

माळ्यावरच्या खोक्यात परवा हॅरी पॉटरचे ७ भाग सापडले, पार खिळखिळे झालेले. शेजारी त्यांच्या पुढची गोष्ट, 'कर्स्ड चाइल्ड', अगदी कोरं करकरीत. ते बाजारात आलं ३१ जुलै २०१६ ला, रविवारी. दुकानाचं शटर वर जायच्या आधी मी दारात हजर. घरी येऊन पान उलटलं तर 'हॅरी :', 'रॉन :' असे संवाद. नाटक आहे हे माहीत होतं हो, तरी आत कुठेतरी कादंबरीच निघेल अशी वेडी आशा. संहिता जॅक थॉर्नची, मूळ लेखिका रोलिंगबाई कथेपुरत्या, तीही तिघांत मिळून. संध्याकाळपर्यंत संपलंही. पण ती शाळेच्या ट्रेनमधली ट्रॉलीवाली बाई! इतकी वर्षं मुलांना खाऊ विकणारी ती ट्रेनच्या टपावर येते, हातांचे काटे होतात आणि भोपळ्याच्या पॅस्टी बॉम्बसारख्या फेकते. तिथे मी पुस्तक पालथं घातलं आणि चहा टाकला.

तुमचाही असा पोपट झालाय? येऊ द्या. रहस्यभेद चालेल, आता कसलं रहस्य!

खारीबिस्कीट :
माझं दुखणं सेड्रिक, हॅरीच्या शाळेतला तो सरळ, गुणी मुलगा. चौथ्या भागात तो गेला त्या रात्री मी जेवले नव्हते, आईला वाटलं पेपर अवघड गेला. तोच सेड्रिक इथे स्पर्धेत फजिती झाली म्हणून डेथ ईटर, म्हणजे खलनायक व्होल्डेमॉर्टचा माणूस होतो आणि हॅरीच्या मित्राला, नेव्हिलला मारतो. नाही पटत. आणि तो टाइम टर्नर, काळात मागे नेणारं यंत्र! तिसऱ्या भागात हॅरीला वाटतं पेट्रोनस (रक्षण करणारी जादू) बाबांनी सोडला, मग कळतं तो स्वतःच होता. मागे गेलात तरी घडलेलंच घडतं, किती घट्ट विणलं होतं ते. पाचव्यात मंत्रालयातला तो साठा फुटलाही. इथे मात्र एक कुठूनतरी निघतोच, आणि भूतकाळ पाटीवरच्या गणितासारखा पुसून परत मांडायचा. भाच्याने एका वाक्यात निकाल लावला, "मावशी, मग पाचव्यात मेलेल्या सिरियसला, हॅरीच्या धर्मपित्याला, का नाही वाचवत?"

अर्धी_चाळीशी :
व्होल्डेमॉर्टला मुलगी. एवढंच लिहायला लॉगिन केलं.

गडबडगुंडा :
माझा नंबर 'एरागॉन' या ड्रॅगनवाल्या मालिकेचा. पहिला भाग अधाशासारखा वाचला. लेखकाने पंधराव्या वर्षी लिहायला घेतलेलं पुस्तक, त्यामुळे आपणही लिहू असं वाटायचं. २००५ ला दुसरा आला, मी दहावीत. ड्रॅगन, युद्ध, सूड अशी तयारी करून बसलो, तर नायक जंगलात एल्फांकडे (जादू येणारे वनवासी) शिकवणी लावून बसलेला. ओंडक्यावर बसून मुंग्या बघतोय! गावाकडे त्याचा चुलतभाऊ रोरान हातोडा घेऊन लढतोय, ती प्रकरणं मात्र झकास. मी तेवढीच वाचायचो. बरं, ३ भागांत संपणार होतं, त्याचे ४ झाले. शेवटचा २०११ ला आला तोवर माझं इंजिनिअरिंग उरकत आलं होतं. तो घेतला, अजून अर्धाच आहे.

पडदानशीन :
थोडा उलटा सूर लावतो. 'कर्स्ड चाइल्ड' मीही शिव्या देत वाचलं होतं. मग लंडनला कामानिमित्त असताना पॅलेस थिएटरात पाहिलं. काळ मागे जातो तेव्हा अख्खा रंगमंच पाण्यासारखा थरथरतो, डोळे चोळावेसे वाटतात. टेलिफोन बूथ माणसाला आत ओढून घेतो. कथा तीच भंगार, पण हे संहितेत कुठून दिसणार? आपण नाटकवेड्या लोकांनी तरी नुसती संहिता वाचून नाटक निकालात काढू नये.

खारीबिस्कीट :
पडदानशीन, मान्य. तिकीट पाठवा, मत बदलते. सेड्रिकचं सोडून.