मदत हवी आहे: कमाल ३२ जीबीचं मेमरी कार्ड घेणाऱ्या फोनला ६४ जीबीचं कार्ड चालेल का?

बाबांच्या जुन्या अँड्रॉइड फोनमधलं ३२ जीबीचं कार्ड कीर्तनांच्या रेकॉर्डिंगनी गच्च भरलंय. पुस्तिकेत ‘कमाल ३२ जीबी’ लिहिलंय, म्हणजे एसडीएचसीपर्यंतच (३२ जीबीपर्यंतच्या कार्डांचा प्रकार). तरी मित्राचं ६४ जीबीचं एसडीएक्ससी (त्यापुढच्या क्षमतेच्या प्रकारचं) कार्ड घालून पाहिलं, तर ‘कार्ड खराब आहे, फॉरमॅट करा’! लॅपटॉपवर तेच कार्ड ठणठणीत, फॉरमॅट (फाइली साठवायची पद्धत) एक्सफॅट आहे. त्यात त्याचे फोटो आहेत, म्हणून फॉरमॅट केलं नाही. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत फॅट३२ चा (३२ जीबीपर्यंतच्या कार्डांवरचा जुना फॉरमॅट) पर्याय दिसतच नाही.

फोन बदलायचा नाही (बाबा ऐकणार नाहीत), गावी रेंज नाही म्हणून क्लाउडही नको. फॅट३२ ची एका फाइलला ४ जीबीची मर्यादा अडणार नाही, एकही फाइल त्याच्या वर नाही.

नवं ६४ चं कार्ड वेगळ्या सॉफ्टवेअरने फॅट३२ करून घातलं, तर ३२ जीबीच्या पुढे भरल्यावरही जुनी रेकॉर्डिंग शाबूत राहतात का? कुणी स्वतः वापरलंय?