प्रति: ऑक्टाव्हिया आरएस २४५ की सुपर्ब?

स्कोडाच्या या दोन गाड्यांबद्दल 'इंजिन तेच दोन लिटरचं, मग आरएसची २४५ हॉर्सपॉवरची ताकद सोडून १९०वाली सुपर्ब, म्हणजे सोफा, कशाला घ्यायचा' हे वरचं म्हणणं एकट्याने गाडी हाणणाऱ्याला शंभर टक्के लागू. सोलापूरहून पुणे हायवेला मोहोळ सोडलं की आरएस जी सुटते, ती मजा सुपर्बला नाहीच. माझी सुपर्ब आहे, तरी कबूल.

पण टायरबद्दल कुणीच बोललं नाही. आरएसला २२५/४० आर१८, सुपर्बला २१५/५५ आर१७ (पहिला आकडा टायरची रुंदी मिमीमध्ये, दुसरा भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के, शेवटचा रिम इंचात). म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यामध्ये रबराची भिंत (साईडवॉल) आरएसला ९० मिमी, सुपर्बला ११८. कागदावर बोटभर फरक, पण विजापूर रोडवरच्या खड्ड्यात तो बरोबर कळतो. चुलतभावाच्या आरएसचा पुढचा डावा टायर गेल्या पावसाळ्यात असाच गेला. पंक्चर नव्हे, साईडवॉलला लिंबाएवढं टेंगूळ! पंक्चरवाल्याने त्यावर नुसतं बोट फिरवलं आणि म्हणाला, 'मालक, ह्याला विलाज न्हाई, नवाच टाका.' तो साईज गावात कुणाकडे मिळेना, पुण्याहून मागवेपर्यंत गाडी तीन दिवस दारात.

आणि मागे आई बसणार असेल तर प्रश्नच मिटला. गुडघेदुखी असूनही माझी आई सुपर्बमध्ये पाय पसरून पंढरपूरला जाऊन येते. आरएसमध्ये एकदाच बसली. सात रस्ता चौकापर्यंतच 'हळू रे बाबा' सुरू झालं. जुनी आरएस बघत असाल तर चारही टायर आतल्या बाजूनेसुद्धा हात फिरवून बघा, टेंगूळ तिकडेच लपतं.