बलेनोला मागे डिस्क ब्रेक बसवायचे आहेत – पसरणी घाटात ब्रेक कमी पडतात

यवतेश्वर_पायथा (सातारा)

नमस्कार मंडळी. गाडी बलेनो, २०१७ ची, पेट्रोल, मॅन्युअल, ८२ हजार किलोमीटर. पुढे व्हेंटिलेटेड डिस्क, मागे ड्रम, एबीएस (चाक अडकू न देणारी यंत्रणा) आणि ईबीडी (पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी) कंपनीचंच. चार माणसं आणि सामान घेऊन पाचगणीहून वाईकडे उतरताना पसरणी घाटाच्या शेवटच्या वळणांवर पेडल नेहमीपेक्षा बरंच खोल जातं. खाली अर्धा तास थांबलं की पुन्हा नीट. पुढचे पॅड निम्मे आहेत. ब्रेक ऑइल बदलल्याची नोंद सर्व्हिस बुकात सापडत नाही.

मागचे ड्रम काढून डिस्क टाकायचा विचार आहे. बलेनो आरएसला (याच गाडीची जास्त ताकदीची आवृत्ती) मागे डिस्क होत्या, तो संच या गाडीला चालेल का? हँडब्रेकचं काय करायचं? मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ऑइलच्या दाबात बदलणारा भाग) बदलावा लागतो का?

कृष्णाकाठ (सांगली)

दादा, पाने काढायच्या आधी पेडल काय सांगतंय ते बघा. पेडल मऊ होऊन खाली जातंय म्हणजे ऑइल उकळून त्यात वाफ झालीय. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही, म्हणून पाय खोल जातो. पॅड तापून पकड गेली असती तर पेडल दगडासारखं कडक लागलं असतं आणि तरी गाडी थांबली नसती. तुमचं लक्षण पहिलं आहे. ते मागच्या ड्रममुळे होत नाही.

डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक ग्रेड) ऑइल नवीन असताना किमान २३० अंशापर्यंत उकळत नाही. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच किमान मर्यादा १५५ वर येते. डॉट ३ चे आकडे २०५ आणि १४०. हे ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, आणि साताऱ्या-महाबळेश्वरचा पावसाळा त्याला भरपूर ओल देतो. दोन वर्षांनी बदलायचं म्हणजे बदलायचंच. झाकणावर लिहिलेला ग्रेड बघून सीलबंद डबा आणा, अर्धवट राहिलेला जुना वापरू नका. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते यात चुकूनही घालू नका.

आणि पुढचे पॅड निम्मे आहेत हे रिममधून बघून ठरवलं असेल तर ते बाहेरचे पॅड झाले. चाक काढून आतला पॅड मोजा. दोन्हींत फरक किती ते इथे लिहा.

कोयनाकाठ (कराड)

वरच्या मुद्द्याला आकडा जोडतो. पाचगणी ते वाई उतार साधारण साडेपाचशे मीटरचा. माणसांसकट गाडी १२०० किलो धरली तर या उतारात सुमारे ६५ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ताशी १०० वरून गाडी एकदा पूर्ण थांबवायला साडेचार लाखांच्या थोडी वर लागते. म्हणजे लागोपाठ चौदा वेळा शंभरवरून थांबल्याइतकी उष्णता. घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरला तर यातला मोठा वाटा इंजिन खातं. चौथ्यात पाय ब्रेकवर ठेवून उतरलात तर जवळपास सगळी उष्णता ब्रेकमध्ये जाते, आणि तिचा मोठा भाग पुढच्या दोन डिस्कवर पडतो, कारण ब्रेक लागताना वजन पुढे झुकतं. मागे कितीही भारी डिस्क लावली तरी पुढचा वाटा त्याने फारसा हलत नाही.

मागे डिस्कचा फायदा नाही असं नाही. पाण्यातून गेल्यावर ड्रम ओला होतो आणि पहिले दोन-तीन ब्रेक अंदाजाबाहेर लागतात. डिस्क चार फेऱ्यांत कोरडी होते, पॅड बदलणं सोपं, निगा दिसते. पण ड्रमला एक गुण असतो: पुढचा शू (ड्रमला आतून घासणारी कमान) फिरत्या ड्रमबरोबर ओढला जाऊन स्वतःहून आणखी आवळतो. डिस्कला तो नाही. म्हणून तितक्याच दाबावर तेवढाच ब्रेक लागायला पिस्टन बराच मोठा लागतो. उदाहरणार्थ १७.४६ मिमीच्या व्हील सिलिंडरच्या (ड्रममधले शू ढकलणारा) जागी ३० मिमीच्या आसपासचा कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) पिस्टन आला तर हिशेब जवळपास जुळतो. भंगारातून मोठ्या गाडीचा ३८ मिमीचा कॅलिपर उचलला तर मागची ताकद ३० च्या तुलनेत १.६ पट होते. मग ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी अडकतात आणि गाडी आडवी होते. ईबीडी सावरून घेईल असं म्हणू नका. त्याचं गणित मूळ ब्रेकवर बसवलेलं असतं, आणि एबीएसचा दिवा लागला की अनेकदा तेही बंद पडलेलं असतं.

यवतेश्वर_पायथा (सातारा)

दोघांचे आभार. ऑइल आणि पॅड रविवारी बघतो. तरी डिस्क करायचीच ठरवली तर काम कसं करतात ते कोणी नीट सांगेल का?

कुपवाड_एमआयडीसी (सांगली)

सांगतो. पहिली अट: संच एकाच गाडीचा, पूर्ण घ्या. डिस्क, कॅलिपर, कॅलिपरचा ब्रॅकेट, धूळपत्रा, हब-बेअरिंग, रबरी होज, दोन्ही हँडब्रेक केबल. आरएसचे भाग त्याच गाडीच्या पार्ट नंबरने मागवा आणि आपला एक्सल, बोल्टांची जागा, सेन्सर यांच्याशी समोरासमोर ताडून बघितल्याशिवाय गाडी उघडू नका. बऱ्याच छोट्या गाड्यांत बेअरिंग ड्रममध्येच दाबलेलं असतं, तिथे नुसती डिस्क चढवता येत नाही, हबच बदलावा लागतो. एबीएसची रिंग किंवा चुंबकी पट्टी त्या हबवर असते. दात कमी-जास्त झाले की एबीएसचा दिवा लागतो.

ब्रॅकेट घरी गॅसने कापलेली पट्टी नको. लेथ-मिलिंगवर केलेला, पृष्ठभाग सपाट, बोल्ट १०.९ ग्रेडचे (जास्त ताकदीचे). कॅलिपरची पूर्ण ओढ त्या दोन बोल्टांवर येते.

काम असं. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड, गाडी स्टँडवर, नुसत्या जॅकवर नाही. हँडब्रेक पूर्ण सोडून केबल ढिली करा. ड्रम अडकला तर त्यावरच्या दोन भोकांत बोल्ट पिळून ओढून घ्या, हातोडा मारून बेअरिंग खराब करू नका. पाइपचा नट फ्लेअर पान्याने (नटाला जवळजवळ सगळीकडून धरणारा) सोडा, साध्या पान्याने कडा गोल होतात. पाइप सुटल्या सुटल्या टोपण लावा, नाहीतर ब्रेक ऑइलची टाकी रिकामी होऊन एबीएस युनिटमध्ये हवा शिरते आणि ती काढायला स्कॅनर लागतो. जुना बॅकप्लेट (ड्रममागचा पत्रा) काढला की बसायची जागा तारेच्या ब्रशने चकचकीत करा. तिथे गंजाचा पापुद्रा राहिला तर डिस्क वाकडी फिरते. डिस्क बसवून दोन नटांनी आवळा आणि डायल गेज (डिस्कचं डोलणं मोजणारं काट्याचं मीटर) लावा. काटा ०.०५ मिमीपर्यंत हलला तर छान, ०.१ च्या वर गेला तर पुढे पेडल थरथरणार. होजच्या बँजो बोल्टला (आतून ऑइल जाणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे दोन्ही वॉशर नवेच.

आता नेहमी होणारी चूक. डावा कॅलिपर उजवीकडे बसतो, पण मग हवा काढायचं निपल खाली येतं. हवा वर राहते आणि दिवसभर ब्लीडिंग (हवा काढणं) केलं तरी पेडल स्पंजासारखं. निपल सगळ्यात वर हवं. दुसरं, हँडब्रेक असलेल्या मागच्या कॅलिपरचा पिस्टन नुसता दाबून आत जात नाही, तो फिरवत आत घ्यावा लागतो. सी-क्लॅम्प लावून जोर केला की आतली यंत्रणा तुटते.

मास्टर सिलिंडर आंधळेपणाने बदलू नका. बोअर (आतला व्यास) २०.६४ वरून २२.२२ मिमी केला तर पेडलचा प्रवास कमी होतो, पण त्याच ब्रेकसाठी पाय १६ टक्के जास्त दाबावा लागतो. पेडल लांब जात असेल तर आधी मागच्या पॅडची फट बघा. हँडब्रेक जोडायच्या आधी पेडल अनेकदा दाबून पॅड डिस्कला लागू द्या, मग केबल जोडून ताण बसवा. उलट क्रमाने केलं तर कॅलिपरचा लिव्हर अर्धवट ओढलेला राहतो, त्याची आपोआप फट भरायची यंत्रणा चालत नाही आणि पेडल कायम खोल राहतं.

शेवटी पॅड बसवणं: मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० वरून १० पर्यंत मध्यम ब्रेक, पंधरा-वीस वेळा, पूर्ण न थांबता. मग ब्रेक न लावता चार-पाच किलोमीटर थंड होऊ द्या.

घाटमाथा (वाई)

हँडब्रेकबद्दल एक गोष्ट घाटवाल्यांनी लक्षात ठेवावी. घाट चढून-उतरून डिस्क तापलेली असताना गाडी उतारावर लावली आणि हँडब्रेक नेमका धरेल इतकाच ओढला, तर डिस्क थंड होताना आकसते, पकड ढिली होते आणि माणसं चहा पीत असताना गाडी सरकते. पहिला किंवा रिव्हर्स गिअर टाकून, चाक कडेच्या दगडाकडे वळवूनच उतरा. ड्रमच्या हँडब्रेकला उतारावर पकड जास्त असते, हा त्याचा मोठा गुण आहे.

आणि सांगलीकडचे लोक ऊसतोडीच्या हंगामात शेतरस्त्याने गाडी नेत असतील तर चिखल-वाळू थेट मागच्या डिस्कवर येते. पॅड घासतात, कॅलिपरच्या पिना जाम होतात. दर सर्व्हिसला खोलून बघायची तयारी हवी.

कोयनाकाठ (कराड)

कागदांचंही बघा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ खाली उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून वेगळा बदल मनाने करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये यावर कडक भूमिका घेतली आहे. काम करायच्या आधी एमएच ११ च्या (सातारा आरटीओ) कार्यालयात लेखी विचारा आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा.

यवतेश्वर_पायथा (सातारा)

रविवारी पुढची दोन्ही चाकं काढली. उजवीकडे बाहेरचा पॅड ७ मिमी, आतला जेमतेम ३. डावीकडे दोन्ही ६. ऑइल काळ्या चहासारखं.

कृष्णाकाठ (सांगली)

मिळालं. उजव्या कॅलिपरची सरकपिन (जिच्यावर कॅलिपर सरकतो ती) जाम आहे. पिस्टन आतला पॅड दाबतो, पण कॅलिपर सरकून बाहेरचा पॅड ओढत नाही आणि ब्रेक सोडल्यावर आतला पॅड डिस्कला घासत राहतो. घाटात तोच कोपरा सगळ्यात जास्त तापतो आणि तिथलं जुनं ऑइल आधी उकळतं.

दोन्ही पिना काढा. गंजाचे खड्डे असतील तर नव्या घ्या. भोक स्वच्छ पुसून पिनांना ब्रेकचा सिलिकॉन ग्रीस लावा. बेअरिंगचा साधा ग्रीस नको, त्याने रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. रबरी टोपी फाटली असेल तर बदला. पिन दोन बोटांनी आत-बाहेर व्हायला हवी. पिस्टनची धूळटोपीही उचलून बघा, आत पाणी किंवा गंज दिसला तर सील किट टाकूनच कॅलिपर बंद करा. पॅड दोन्ही बाजूंचे नवे, डिस्कची जाडी तिच्यावर कोरलेल्या किमान आकड्याशी मोजा, मग सगळं ऑइल काढून नवं भरा. त्यानंतर चार माणसं घेऊन घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरा आणि वाईत थांबून इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही कोपरे मोजा. पुढचे दोन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत.

तोपर्यंत घाटात जाऊ नका.