‘वाळूचा दांडा’ नेमकं कशाला म्हणायचं?

प्रश्न: ‘स्पिट’ आणि ‘बार’ या दोन्हींसाठी मराठीत ‘वाळूचा दांडा’ वाचायला मिळतं. दोन्ही एकच का?

उत्तर: एकच नाहीत, पण घडण एकच आहे, म्हणून शब्द चुकलाय असंही नाही. लाटा बहुधा तिरप्या येतात आणि पाणी परतताना उतारावरून सरळ खाली जातं. या ये-जा करण्यात वाळू किनाऱ्याकिनाऱ्याने पुढे सरकत राहते. खाडीच्या तोंडाशी किनारा एकदम आत वळतो. वाळू मात्र आधीच्याच दिशेने जात राहते आणि उथळ पाण्यात साचते. एक टोक जमिनीला, दुसरं मोकळं, तोवर ते स्पिट. पलीकडच्या काठाला टेकलं की बार. बेटाला मिळालं की टोंबोलो.

म्हणून ‘दांडा’ ठेवावा आणि त्याआधी विशेषण लावावं: मोकळा दांडा, आडवा दांडा, जोडदांडा. बाल्टिक समुद्रातला कुरोनियन दांडा सुमारे ९८ किमी लांब आहे, पण लिथुआनियातल्या क्लाइपेडा शहराजवळ त्याचं टोक अजून सुटं आहे. तो ‘मोकळा’च.

प्रश्न: आणि दांड्यामागे अडलेलं पाणी म्हणजे ‘खाजण’ ना?

उत्तर: शालेय भूगोलात हो. पण कोकणात-गोव्यात खाजण म्हणजे भरतीचं खारं पाणी शिरणारी सखल जमीन; गोव्यात तिला बांध घालून शेती करतात. तिकडच्या माणसाला ‘चिलिका हे खाजण आहे’ हे वाक्य खटकणारच. मी तिथे ‘लगून’ किंवा ‘खाऱ्या पाण्याचं सरोवर’ लिहीन. चिलिकाचं तोंड वाळूने बुजत गेलं तसा पाण्याचा खारेपणा उतरला, मासळी घटली. २००० साली समुद्राकडे नवं तोंड उघडल्यावर ती पुन्हा वाढली. ही सगळी गोष्ट पाण्याची आहे, आणि ‘खाजण’ म्हटलं की डोळ्यांपुढे जमीन येते.

जाता जाता ‘पुळण’, म्हणजे बीच. किनारा खडकाळही असतो, पुळण मात्र साचलेलीच. शब्दात वाळू गृहीत आहे, त्यामुळे इंग्लंडमधल्या चेसिलसारख्या गुळगुळीत गोट्यांच्या पट्ट्याला नुसतं ‘पुळण’ म्हणू नये. ‘गोट्यांची पुळण’ चालेल.