घरबसल्या खरं, पण बसायचं कसं?

'अपंगांना भाषांतराचं काम बरं, घरबसल्या होतं' असं बरेच जण म्हणतात. त्या 'बसल्या'शीच तर घोडं अडतं! मणक्याच्या दुखापतीमुळे मला कमरेखाली संवेदना नाही. पहिल्या मोठ्या कामाची मुदत गाठायला सलग पाच तास खुर्चीत बसलो आणि बैठकीच्या हाडाखाली जखम झाली. दुखलंच नाही, मग कळणार कसं? दोन महिने पालथं पडून काढले. काम गेलं ते गेलंच.

आता दर २० मिनिटांनी मोबाइल वाजतो. बैठकीवरचा दाब सुटावा म्हणून पुढे वाकायचं, दोन मिनिटं थांबायचं, मग पुढचं वाक्य. रात्री आरशात कातडी बघतो. लाल डाग दिसला की दुसऱ्या दिवशी खुर्ची बंद, पालथं पडून बोलून टाइप करायचं. जोडाक्षरांची पार वाट लागते, पण कच्चा खर्डा होतो. मुदत मात्र आधीच दीडपट मागून घेतो.

आणि हो, किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला असेल तर आयकरात (१९६१च्या कायद्यातलं कलम ८०यू) ७५,००० रुपयांची वजावट मिळते (८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००), पण जुन्या करप्रणालीतच. विवरणपत्र भरताना तेवढं दोन्हीकडून गणित करून बघा.