अ‍ॅल्युमिनियम कापायला कार्बाइडचं पार्टिंग टूल कुठलं घ्यावं? (लेथ छोटा आहे)

लेथवेडा:
नमस्कार मंडळी, माझ्याकडे छोटा बेंचटॉप लेथ आहे, मोटर ५०० वॅटची, टूलपोस्टात १२ मिमीचा शँक (टूलची दांडी) बसतो. काम जवळजवळ सगळं अ‍ॅल्युमिनियमचं, ६०६१ ग्रेडचा २५ मिमी बार आणि कधीकधी ४० चा, त्याच्या रिंगा नि स्पेसर कापून काढायचे असतात. होल्डर एमजीईएचआर १२१२-२ आहे आणि त्यासोबत आलेले सोनेरी कोटिंगवाले एमजीएमएन २०० इन्सर्ट (होल्डरमध्ये बसणारे, बदलता येणारे कार्बाइडचे धारदार तुकडे). सुरुवातीचे ४-५ मिमी मस्त जातं, मग आवाज बदलतो, किर्रर्र करत टूल अडकतं, मागे घेऊन बघितलं तर धारेवर अ‍ॅल्युमिनियमचा चकचकीत थर बसलेला असतो आणि खाचेत चिप गच्च. नवीन इन्सर्ट घ्यायचेच आहेत, तर २ मिमीच घेऊ की ३ चे घेऊ म्हणजे मजबूत राहतील? अ‍ॅल्युमिनियमसाठी वेगळे येतात म्हणतात, त्याने खरंच फरक पडतो का? की सरळ एचएसएसचं (हाय स्पीड स्टीलचं) ब्लेड लावू?

धारदार:
फरक पडतो, आणि चांगलाच पडतो. तुमच्याकडचे सोनेरी इन्सर्ट स्टीलसाठीचे आहेत. स्टीलमध्ये धार तुटू नये म्हणून ती मुद्दाम किंचित बोथट, गोलसर ठेवलेली असते आणि त्यावर कोटिंगचा थर. अ‍ॅल्युमिनियम मऊ आणि चिकट, त्याला बोथट धार लागली की ते कापलं जायच्या ऐवजी दाबलं जातं, गरम होतं आणि धारेवरच चिकटून बसतं. मग तो चिकटलेला गोळाच कापायला लागतो, इन्सर्ट राहतो बाजूला.

अ‍ॅल्युमिनियमसाठी घ्यायचे ते बिनकोटिंगचे, वरचा भाग आरशासारखा पॉलिश केलेला आणि धार ग्राइंड करून काढलेली. पाकिटावर एच०१ ग्रेड असेल तर तो बिनकोटिंगचाच. एमजीएमएन म्हणजे साच्यात दाबून बनवलेले, एमजीजीएन म्हणजे ग्राइंड केलेले, मिळाले तर एमजीजीएन २०० बघा, तुमच्याच होल्डरमध्ये बसतील. आणखी एक सोपी खूण, पाकिटावर पी, एम, के, एन अशी अक्षरं असतात, पी म्हणजे स्टील (निळा रंग), एम स्टेनलेस (पिवळा), के बीड (लाल) आणि एन म्हणजे अ‍ॅल्युमिनियम-पितळ वगैरे (हिरवा). तुम्हाला हिरवं एन पाहिजे. डीएलसी (हिऱ्यासारख्या कार्बनच्या) कोटिंगवालेही अ‍ॅल्युमिनियमला छान चालतात, पण टीआयएएलएन (टायटेनियम-अ‍ॅल्युमिनियम नायट्राइड) नको, त्यात स्वतःच अ‍ॅल्युमिनियम असतं आणि चिकटण्याचा त्रास वाढतो.

हळूवार_फीड:
३ मिमीचा विचार सोडून द्या. रुंदी दीडपट म्हणजे कापायला लागणारा जोरही साधारण दीडपट, ५०० वॅटच्या मोटरला आणि हलक्या बेडला ते झेपत नाही, लगेच चॅटर (टूलची थरथर) सुरू होतं. शिवाय तुमचा होल्डर २ चा आहे, ३ चा इन्सर्ट त्यात बसणारच नाही, होल्डरही बदलावा लागेल. दीड मिमीचे पण येतात पण त्यांना खोल घालायला भीती वाटते, २ हाच मध्य बरा.

आता फीडबद्दल (टूल आत सरकवायचा वेग), कारण घाबरून अगदी हळू फिरवलं तर नवीन इन्सर्ट पण नुसता घासत बसेल. २५ चा बार १००० आरपीएमला म्हणजे कटिंग स्पीड मिनिटाला साधारण ७८ मीटर, कार्बाइडला हे काहीच नाही, त्यामुळे स्पीडची काळजी नको. फीड ०.०५ मिमी प्रति फेरा धरा, म्हणजे मिनिटाला ५० मिमी. क्रॉस स्लाइडचा (टूल आत-बाहेर नेणारी स्लाइड) स्क्रू १ मिमी पिचचा असेल तर हँडल सेकंदाला पाऊण फेऱ्याहून थोडं जास्त फिरलं पाहिजे, आणि एकसारखं. पहिल्यांदा करताना हा वेग खूप वाटतो. पण चिप नीट वळून बाहेर पडायची तर तिला तेवढी जाडी लागते, नाहीतर पातळ सुरकुतलेली पट्टी निघते आणि खाचेतच दाबली जाते.

लेथवेडा:
अच्छा, मी तर याच्या निम्म्यानेही फिरवत नाहीये. आणि ४० चा बार? तो पण याच होल्डरवर जाईल ना?

धारदार:
नाही जाणार. हे इन्सर्ट दोन्ही बाजूंनी धारवाले आहेत, २०० ची लांबी १६ मिमी. जास्त आत गेलात की मागची धार, जी तेवढीच रुंद आहे, तीच खाचेच्या भिंतींना घासते. ४० चा भरीव बार कापायला २० मिमी आत जावं लागतं. तुमच्या रिंगा असतील तर आधी मधे ड्रिल किंवा बोअर करून घ्या, मग भिंत जेवढी जाड तेवढंच कापायचं, प्रश्नच मिटला. भरीव कापायचाच असेल तर एका बाजूच्या धारेचे इन्सर्ट असतात, जीटीएन २ किंवा एसपी २००, ते पातळ ब्लेडमध्ये बसतात. पण नेहमीचं ब्लेड २६ मिमी उंच असतं, ते तुमच्या टूलपोस्टात सेंटरला येईल का हे आधी मोजा, बहुतेक छोट्या लेथवर येत नाही.

जुना_टर्नर:
मग ४० च्या भरीव बारला एचएसएसचं टी आकाराचं ब्लेड लावा, वरून रुंद खाली अरुंद असतं ते. त्याला लागेल तशी धार करता येते आणि अ‍ॅल्युमिनियममध्ये एचएसएस कुठेही कमी पडत नाही, कार्बाइडचा फायदा खरा स्टीलमध्ये. दोन्ही जवळ ठेवा, एकाने दुसऱ्याचं काम काढून घ्यायचं असं काही नाही.

बाकी सेटिंगकडे कोणी बघितलं नाही म्हणून सांगतो. टूल स्पिंडलला अगदी काटकोनात पाहिजे, नाहीतर इन्सर्टची एक बाजू खाचेला घासते आणि कापलेला चेहरा वाटीसारखा येतो. चकच्या तोंडाला होल्डरची बाजू टेकवून टूलपोस्ट आवळा, तेवढ्याने भागतं. उंची बरोबर सेंटरला. बारचं तोंड त्याच टूलने सेंटरपर्यंत घेऊन बघा, मधे बोंड राहिलं तर टूल खाली आहे, शिम (पातळ पट्टी) घाला. चकच्या जितकं जवळ कापता येईल तितकं जवळ कापा, होल्डर टूलपोस्टाच्या बाहेर लागेल तेवढाच काढा. कॅरेज (बेडवरून सरकणारा भाग) लॉक करा, कंपाउंडच्या (वरच्या छोट्या स्लाइडच्या) गिब, म्हणजे ढिलेपणा काढायच्या पट्ट्या, आवळा. टेलस्टॉकचा आधार कापायच्या तुकड्याला कधीही देऊ नका, शेवटी तो मधे दबतो आणि टूल चिमटतं. आणि सुटणारा तुकडा हाताने पकडायला जायचं नाही, खाली ट्रेमध्ये फडकं टाका किंवा बोअर असेल तर टेलस्टॉकला सळई धरून तिच्यावर झेला.

हळूवार_फीड:
तेलाचं राहिलंच की. कोरडं कापू नका, ब्रशने रॉकेल लावत राहा, अ‍ॅल्युमिनियमला त्याच्यासारखं काही नाही, चिकटणं लगेच कमी होतं. फक्त जवळपास ग्राइंडर किंवा ठिणगी नको आणि खिडकी उघडी ठेवा. १० मिमीच्या पुढे खोल जायचं असेल तर खाच थोडी रुंद करत चला, म्हणजे ३-४ मिमी आत गेलात की मागे या, अर्धा मिमी बाजूला सरका, परत तेवढंच आत जा, मग मूळ जागेवर येऊन पुढे. चिपला बाजूला जागा मिळते, अडकायचं कारणच उरत नाही. सरकायचं कचऱ्यात जाणाऱ्या बाजूला, तुमच्या रिंगेच्या बाजूला नाही.

लेथवेडा:
एमजीजीएन २०० ची पेटी मागवतो, एच०१ बघून. ४० वाल्या रिंगा आधी बोअर करून घेईन. एक शेवटचं, माझ्याकडे थोडा ६०६३ चा बार पण पडलाय, त्याला हेच चालेल का?

धारदार:
इन्सर्ट हेच. पण ६०६३ जास्त मऊ आणि चिकट असतं, लांब दोरीसारखी चिप काढतं, तिथे रॉकेल सोडायचं नाही आणि फीड कमी करायचा मोह टाळायचा. आणि या पॉलिश इन्सर्टने चुकूनही स्टील कापू नका, ती बारीक धार तिथे पटकन उडते. सोनेरी वाले स्टीलसाठी बाजूला ठेवून द्या.