आईचा हात पंधरा मिनिटं गेल्यासारखा झाला आणि परत आला, सकाळपर्यंत थांबू का?

कृष्णाकाठ, गुरुवार रात्री ९.४०

मंडळी घाईत लिहितोय, सांभाळून घ्या. आई वय ६४, बीपीची गोळी चालू (गुरुवारी उपास म्हणून घेत नाही, कितीही सांगा), शुगर नाही. आज उपास सुटायचा म्हणून संध्याकाळी साडेसहाला भाकऱ्या थापत होती, मी तिथेच मोबाइल बघत बसलेलो, थापायचा आवाज एकदम बंद झाला म्हणून वर बघितलं तर उजवा हात पिठावर नुसता पडलेला आणि भाकरी एका बाजूने जाड, दुसरीकडे फाटलेली. काय गं झालं म्हटलं तर म्हणते "ती खिडकी जरा बारीक कर". म्हणजे गॅस! दोनदा खिडकीच म्हणाली आणि आपलं चुकतंय हे तिला कळतच नव्हतं. पाणी प्यायला उठली तर उजव्या पायातली चप्पल मागेच राहिली आणि ही तशीच पुढे. पाणी पण ओठाच्या कडेने जरासं गळलं.

पंधरा मिनिटांत सगळं ठीक. उरलेल्या भाकऱ्या तिनेच केल्या, आता सिरियल बघतेय. म्हणते दुपारची शेंगदाण्याची आमटी बाधली, पित्त झालंय. गावातल्या डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले ॲसिडिटीची गोळी द्या, सकाळी आणा, बीपी बघू. तोंड वाकडं वगैरे नाही, दोन्ही हात वर करतेय. मोठं हॉस्पिटल पाऊण तासावर आहे आणि आत्ता निघू म्हटलं तर ती मलाच वेड्यात काढेल. सकाळी नेलं तर चालेल ना?

आगाऊ_भाचा, ९.५२

दादा टेन्शन घेऊ नका. माझ्या मामीला सेम हात बधिर व्हायचा, मानेचा मणका निघाला, पट्टा लावला आणि बरी झाली. रात्री निवांत झोपू द्या. परत झालंच तर दहाही बोटांच्या टोकांना सुई टोचून दोन-दोन थेंब रक्त काढायचं, व्हॉट्सॲपवर आलं होतं, सापडलं की टाकतो.

रात्रपाळी, ९.५८

नका टाकू. ते सुईचं फॉरवर्ड मी कॅज्युअल्टीत बारा वर्षं ऐकतेय, टोचलेली बोटं घेऊन पेशंट येतात आणि मधला तास गेलेला असतो. आणि भाचेबुवा, मणक्याने हात बधिर होईल, गॅसला खिडकी म्हणायला कोणी लागत नाही.

कृष्णाकाठ दादा, आत्ता निघा. सकाळी नाही. उजवा हात, उजवा पाय, ओठाची कड आणि शब्द हे सगळं एकदम गेलं म्हणजे मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त पोचलं नाही असंच धरून चालायचं. गुठळी अडकते आणि आपोआप सुटते, त्याला टीआयए म्हणतात, लोक मिनी स्ट्रोक म्हणतात. बरं वाटलं म्हणजे संपलं असं नसतं, ती गुठळी जिथून आली ते ठिकाण तसंच असतं ना. यानंतर ज्यांना तीन महिन्यांत मोठा झटका येतो त्यातल्या जवळपास निम्म्यांना तो पहिल्या दोन दिवसांतच येतो, म्हणून मी रात्रीचं पळवतेय तुम्हाला.

जिथे रात्री सीटी किंवा एमआरआय होतो तिथेच जा, आधी फोन करून विचारा. गाडी नसेल तर १०८. घरात ग्लुकोमीटर असेल तर शुगर बघा, आज उपास होता आणि शुगर पडली तरी हुबेहूब असंच दिसतं, पण मीटर शोधत बसू नका. ॲस्पिरिन घरी देऊ नका, आत रक्तस्राव नाही हे सीटीत दिसल्याशिवाय नाही. आणि कागदावर लिहून ठेवा, साडेसहाला सुरू झालं, पावणेसातला थांबलं. वाटेत परत झालं तर कधीपर्यंत बरी होती ती वेळ नवीन लिहा, कारण गुठळी विरघळवायचं इंजेक्शन त्या वेळेपासून साडेचार तासांच्या आतच देतात आणि पहिला प्रश्न तोच येतो.

निशिगंध, रात्री १०.०६

वरचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. आमच्या बाबांना सकाळी पेपर वाचताना डाव्या डोळ्यापुढे दुकानाचं शटर ओढल्यासारखा काळा पडदा वरून खाली आला, पाच मिनिटं, मग परत वर गेला. दुखलं नाही खुपलं नाही. आम्ही सगळे शहाणे, नंबर वाढला असेल म्हणून चष्म्याच्या दुकानात गेलो आणि नवीन चष्मा करून आणला. अकराव्या दिवशी उजवा हात आणि बोलणं दोन्ही गेलं. नंतर डॉपलर (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) केलं तर मानेतली डाव्या बाजूची रक्तवाहिनी चांगलीच चोंदलेली, डोळ्याला आणि मेंदूच्या त्या भागाला तिथूनच रक्त जातं म्हणे. आता बाबा चालतात, जेवतात, पण शब्द एकच येतो, "चला". भूक लागली तरी चला, नातू मांडीवर येऊन बसला तरी चला.

दादा, बीपी दाखवायला जाऊ म्हणा आणि गाडीत बसवा.

कृष्णाकाठ, १०.१४

निघतोय. बीपीचंच सांगितलंय. साडी बदलते म्हणाली, मी म्हटलं राहू दे.

चिवडा_दही, १०.३१

जाऊन आलात की कळवा. रात्रपाळीताई, एक विचारू का? माझ्या भावाचं तोंड झोपेतून उठल्यावर वाकडं झालं होतं, घरात रडारड, लकवा लकवा म्हणून, आणि ते निघालं चेहऱ्याच्या नसेचं, महिन्याभरात बरा झाला. मग ओळखायचं कसं?

रात्रपाळी, १०.४७

बहुतेक वेळा नसेचं असेल तर त्या बाजूच्या कपाळाला आठ्या पण पडत नाहीत, डोळा नीट मिटत नाही. मेंदूचं असेल तर कपाळ वाचतं, खालचा अर्धा चेहराच ओघळतो. पण हे डॉक्टरांनी बघायचं, आपण आरशात बघून घरी थांबायचं नाही.

खरं सांगू का, स्ट्रोक ओळखायच्या पोस्टरवर ते बी फास्ट असतं ना, बॅलन्स, आईज, फेस, आर्म, स्पीच आणि टाइम, ते पाठ करा, चांगलंच आहे. पण पोस्टरवरचं तोंड इतकं वाकडं काढतात की लोक तेवढं वाकडं व्हायची वाट बघतात. आमच्याकडे चालत येणारे तोंड वाकडं झालं असं म्हणत नाहीत, ते वेगळंच सांगतात. शर्टाचं बटन लागेना, सही भलतीच आली, ताटातलं उजवीकडचं सगळं खाल्लं आणि डावीकडची भाजी दिसलीच नाही, एकदम भोवंड येऊन एकाच बाजूला झोक जातो. आणि चप्पल. चप्पल पायातून निघून गेली आणि कळलं नाही हे मी इतक्या नातेवाइकांकडून ऐकलंय, पण कोणी आपणहून सांगत नाही, विचारल्यावर आठवतं. या दादांनी न विचारता लिहिलं म्हणून मी घाई केली. सगळ्यात मोठी खूण म्हणजे एकदम, अचानक. आठवडाभर हळूहळू मुंग्या येणं वेगळं.

कृष्णाकाठ, रविवार दुपारी १२.२०

सगळ्यांचे आभार, आज वेळ मिळाला. त्या रात्री पोचलो तेव्हा बीपी १९०/१०५, सीटी क्लिअर आला आणि मला वाटलं उगाच आणलं, आई तर माझ्याकडे बघून "झालं समाधान?" म्हणाली. पण न्यूरोवाल्या मॅडमनी एमआरआय करायचाच म्हणून सांगितलं आणि त्यात डाव्या बाजूला छोटा पांढरा ठिपका, हरभऱ्याच्या डाळीएवढा. म्हणजे नुसता टीआयए नाही, छोटा स्ट्रोक होऊन गेलेला. सीटीत असलं लहान आणि ताजं बऱ्याचदा दिसत नाही म्हणाल्या. ईसीजी, टूडी इको, मानेचं डॉपलर झालं, मोठं चोंदलेलं काही नाही. सगळा दोष बीपीवर आलाय. रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या २१ दिवस, मग एकच कायमची, सोबत कोलेस्टेरॉलची. काल घरी सोडलं. हात ठीक आहे, फक्त सुईत दोरा ओवायला जरा वेळ लागतो.

वारांचे कप्पे असलेली गोळ्यांची डबी आणलीय. ती उघडून तिने पहिला प्रश्न विचारला, गुरुवारचा कप्पा कशाला भरलास?

आगाऊ_भाचा, १२.४१

दादा सॉरी हां. मामीला पण एकदा नीट दाखवून आणतो.

रात्रपाळी, रात्री ११.१०

पाण्याबरोबर घेतलेल्या गोळीने उपास मोडत नाही म्हणावं काकूंना. ऐकल्या नाहीत तर तुमच्या गुरुजींकडून वदवून घ्या, आमच्याकडे तोच उपाय चालतो.